पहिल्याच खेपेला साखर निघाली, तर ताटात काय वाढायचं?

पहिल्या गरोदरपणाचा सहावा महिना सरत आला की घरातलं वातावरण जरा सैल होतं. उलट्या थांबलेल्या असतात, पोट दिसू लागलेलं असतं, बाळ लाथा मारतंय हे बाहेरून हात ठेवूनही कळतं, आणि डोहाळजेवणाची तारीख ठरवायला फोनाफोनी सुरू होते. नेमक्या याच दिवसांत, म्हणजे चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात, डॉक्टर एक तपासणी सांगतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तास एका जागी बसायचं आणि मग रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा त्याहून वर आला, की कागदावर ‘गरोदरपणातला मधुमेह’ असं लिहून येतं.

त्यानंतर घरात जे बोललं जातं ते मी फार वेळा ऐकलं आहे. ‘तरी सांगत होते, इतके आंबे खाऊ नकोस.’ ‘आमच्यात तर कुणाला नाही.’ ‘आता बाळाला पण होणार का?’ आणि त्या मुलीच्या मनात, न बोलता, एकच वाक्य घोळत असतं: माझंच काहीतरी चुकलं. म्हणून आहाराकडे वळण्याआधी ही साखर वाढते कशामुळे, ते नीट समजून घेऊ.

पोटातलं बाळ वाढतं ते मुख्यतः आईच्या रक्तातल्या ग्लुकोजवर. आई जेवलेली असो वा झोपलेली, बाळाला ते सतत मिळत राहावं लागतं. याची तजवीज वार (प्लॅसेंटा) करते. वारेतून आईच्या रक्तात काही संप्रेरकं सोडली जातात आणि त्यांच्यामुळे आईच्या पेशी इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देईनाशा होतात. साखर पेशींत चटकन शिरत नाही, रक्तात थोडी जास्त वेळ राहते, आणि तेवढ्या वेळात बाळाला आपला वाटा मिळतो. वार जसजशी मोठी होते तसतसा हा परिणाम वाढत जातो. म्हणून तो सहाव्या-सातव्या महिन्यात ठळकपणे दिसतो, आणि म्हणूनच तपासणीही तेव्हाच ठेवलेली आहे.

हे प्रत्येक गरोदर बाईच्या शरीरात घडतं. बहुतेकींचं स्वादुपिंड दुपटीहून जास्त इन्शुलिन तयार करून तोल सांभाळून नेतं. काहींचं तेवढं पुरं पडत नाही. घरात आईवडिलांना मधुमेह असेल, आधीपासून पीसीओडी (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) असेल, वजन जास्त असेल किंवा वय तिशीच्या पुढे असेल, तर ही शक्यता वाढते. पण यातलं काहीही नसताना साखर निघालेल्या मुलीही भरपूर असतात. सहाव्या महिन्यातल्या आंब्यांनी हा आजार होत नाही, हे घरातल्या मोठ्यांनी एकदा मोकळेपणाने तिच्यासमोर म्हणावं, असं मला फार वाटतं.

‘मी तर इतकी बारीक, मला कशी?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. त्याच्या उत्तराचा एक भाग पुण्याजवळच्या गावांतच सापडला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणापासून अभ्यास केला आणि पुढे त्यांच्या मुलांनाही वर्षानुवर्षं तपासलं. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं. युरोपातल्या बाळांपेक्षा ती बरीच लहान होती, पण चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त आणि स्नायू कमी. म्हणजे दिसायला किडकिडीत, आतून मात्र चरबी राखून असलेली शरीरं. आपल्यातल्या पुष्कळजणी अशाच जन्मलेल्या आहेत, आणि अशा शरीराला मधुमेहाचा धोका वजन फार न वाढताही असतो. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या आणि फळं वरचेवर खात होत्या, दूध घेत होत्या, त्यांची बाळं तुलनेने चांगल्या अंगाची होती. मेथी, चाकवत, शेपू, राजगिऱ्याचा पाला अशा आठवडी बाजारातल्या जुड्यांनाही इथे मोल आहे.

आता बाळाचं काय? आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्शुलिन मात्र जात नाही. साखर जास्त आली की बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्तीचं इन्शुलिन करू लागतं. गर्भात इन्शुलिन वाढीचं काम करतं, त्यामुळे बाळ गरजेपेक्षा मोठं होतं. खांद्यांवर, पोटावर चरबी साठते आणि बाळंतपण अवघड जाऊ शकतं. नाळ कापली की आईकडून येणारी साखर एकदम थांबते, पण बाळाच्या अंगात इन्शुलिन अजून भरपूर असतं. म्हणून जन्मानंतर पहिल्या काही तासांत बाळाची साखर उतरू शकते. टाचेला बारीकशी सुई टोचून ती तपासतात तेव्हा घाबरू नका. पहिल्या तासात अंगावर पाजायला घेणं हा तिच्यावरचा पहिला उपाय आहे. आणि एक दिलासा: बाळाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांत घडलेले असतात. सुरुवातीची तपासणी ठीक असेल आणि साखर सहाव्या महिन्यात वाढली असेल, तर तिच्यामुळे बाळात व्यंग येण्याची भीती धरू नये. बाळाला जन्मतःच मधुमेह असेल, हीसुद्धा चुकीची समजूत आहे.

तपासणीबद्दल थोडक्यात. आपल्याकडच्या सरकारी सूचनांप्रमाणे ती पहिल्याच भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची असते, प्रत्येक गरोदर बाईची. उपाशीपोटी जायची गरज नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही पद्धत लावून धरली, कारण लांबून येणाऱ्या गरोदर बाईला उपाशी बसवून ठेवणं व्यवहारात जमत नाही. काही खासगी प्रयोगशाळा उपाशीपोटी, एक तासाने आणि दोन तासांनी असे तीन नमुने घेतात. तिथल्या मर्यादा ९२, १८० आणि १५३ अशा वेगळ्या असतात, म्हणून दोन मैत्रिणींनी आपापले आकडे एकमेकींशी ताडून पाहू नयेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. तेव्हा ही चाचणी झाली आहे का, हे विचारून घ्या.

ताटाकडे येऊ.

साखर निघाल्यावर पहिल्या आठवड्यात बहुतेकजणी जे करतात, ते मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं: त्या खाणंच सोडतात. भात बंद, पोळी अर्धी, फळ नाही, रात्री नुसतं सूप. आकडे खाली येतात, घरचे खूश होतात. पण उपाशी शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढतात आणि गर्भासाठी ते चांगलं नाही. गरोदरपणात दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत असं आहारशास्त्र सांगतं. साधा फुलका १५ ते २० ग्रॅम देतो, वाटीभर भात तीसच्या आसपास. म्हणजे भात-पोळी सोडायची नाही, ती दिवसभरात वाटून घ्यायची. तीन बेताची जेवणं आणि मध्ये दोन-तीन छोटी खाणी.

‘दोन जिवांचं खा’ याचाही हिशोब करून टाकू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीत गरोदरपणात रोजच्या आहारात ३५० किलोकॅलरींची भर सांगितली आहे. एक पेला दूध, मूठभर शेंगदाणे आणि एखादं फळ, एवढ्यात ती पूर्ण होते. खरी कमतरता असते प्रथिनांची. शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात, आणि आपल्या ताटात वरण असतं ते भातावर ओतायला, तेही पातळ.

सकाळपासून बघू. शरीरातली काही संप्रेरकं पहाटे चढलेली असतात, त्यामुळे सकाळी इन्शुलिनला पेशी सर्वांत कमी दाद देतात. दुपारी जे पचून जातं तेच नाश्त्याला साखर उडवतं. आणि आपला नाश्ता काय असतो? बटाटा घातलेले बशीभर पोहे, वरून शेव, सोबत साखरेचा चहा आणि दोन बिस्किटं. पोहे, बटाटा, शेव, बिस्किटं, साखर, सगळं पिष्ट किंवा साखरच. यात पोह्यांचा दोष नाही. तेच पोहे निम्मे घ्या, बटाट्याऐवजी मोड आलेली मटकी आणि मटार घाला, शेंगदाण्यांचा हात सैल सोडा, बाजूला एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही ठेवा, चहा बिनसाखरेचा. एका तासाने आकडा बघा. फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो, आणि तो दिसला की पुढचं पथ्य कुणी सांगावं लागत नाही. मुगाचं धिरडं, बेसनाचं पोळं, भाज्या घालून केलेला उपमा आणि सोबत ताक, हेही चांगलं चालतं. साबुदाण्याची खिचडी मात्र या तीन महिन्यांत लांबच ठेवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. चतुर्थी, एकादशी, वटपौर्णिमेचे उपवास या वेळी नाही केले तर काही बिघडत नाही, हे सासूबाईंनी स्वतः सांगितलं तर सुनेच्या मनावरचं ओझं उतरतं.

दुपारी आणि रात्री एकच युक्ती लक्षात ठेवा. ताटाचा निम्मा भाग भाजी आणि कोशिंबिरीने भरा. पाव भागात उसळ, घट्ट वरण, पिठलं, पनीर, अंडं, चिकन किंवा मासे. उरलेल्या पाव भागात भात किंवा पोळी-भाकरी. खाताना सुरुवात कोशिंबीर-उसळीने करा आणि भात शेवटी घ्या, साखर सावकाश चढते. कोकणात, गोव्यात भात बंद करा म्हणून सांगणाऱ्यांशी माझं पटत नाही. भात वाटीभरच घ्या, उकडा असेल तर उत्तम, आणि बांगडा, तारली, मांदेली अशा लहान माशांचं प्रमाण वाढवा. मोरीसारखे (शार्क) मोठे मासे मात्र गरोदरपणात टाळलेले बरे, त्यांच्यात पारा साठलेला असतो.

भाकरीबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. ‘पोळी सोडून ज्वारीची भाकरी खाते, तरी साखर का?’ ज्वारी, नाचणी, बाजरी चांगलीच, त्यांत तंतू आहेत, लोह आहे, नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे. पण तव्याएवढी एक भाकरी दोन-तीन फुलक्यांइतकं पिष्ट घेऊन येते. अर्धी भाकरी आणि वाटीभर मेथीची पीठ पेरलेली भाजी, हे गणित बसतं. दोन भाकऱ्या आणि चमचाभर ठेचा, हे बसत नाही. गूळ, मध, खजूर, नारळाची साखर यांनाही सूट नाही. रक्तात पोचल्यावर गूळ आणि साखर यांत फारसा फरक उरत नाही, म्हणून नाचणीचं सत्त्वही गूळ न घालता, ताकातलं घ्यावं. फळ खा, पण एका वेळी एक, चावून, जेवणाला जोडून न घेता मधल्या वेळी. पेरू, सफरचंद, पपनस, संत्रं ही सोयीची. आंब्याच्या दोन फोडी, बरोबर मूठभर बदाम-शेंगदाणे, असं जमून जातं. रस काढून प्यायचा नाही, घरचा असला तरी.

तुपाने साखर वाढत नाही, एक चमचा निर्धास्त घ्या. पाच चमच्यांनी वजन वाढतं, इतकंच.

जेवणानंतर शतपावली घाला. दहा-पंधरा मिनिटं, घरातल्या घरात किंवा गच्चीवर, तिन्ही जेवणांनंतर. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्या कामाला त्यांना जादा इन्शुलिन लागत नाही. ज्यांना रक्तस्रावामुळे किंवा वार खाली असल्याने डॉक्टरांनी आराम सांगितला आहे, त्यांनी मात्र विचारल्याशिवाय चालायला लागू नये.

डोहाळजेवण? जरूर करा. सगळं जेवण पोटभर जेवून शेवटी एक छोटा घास गोडाचा घ्या, मग पाहुण्यांशी गप्पा मारत जरा चाला. ओटीत आलेले पेढे वाटून टाका.

घरी साखर तपासायचं यंत्र आणलंत की पहिले दोन दिवस आकडे वेडेवाकडे येतात. बहुतेक वेळा कारण बोटावरच असतं. आंबा कापून, फळ सोलून तसंच बोट टोचलं तर बोटावरची साखर थेंबात मिसळते आणि यंत्र खोटा आकडा दाखवतं. हात साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा, बोटाच्या मधल्या गादीवर न टोचता कडेला टोचा, तिथे दुखतं कमी. वेळ मोजायची ती पहिल्या घासापासून. उपाशीपोटी ९५च्या आत, जेवणानंतर एक तासाने १४०च्या आत, दोन तासांनी १२०च्या आत, ही सर्वसाधारण उद्दिष्टं. वहीत आकड्याशेजारी काय खाल्लं तेही लिहा. नुसत्या आकड्यांच्या वहीवरून डॉक्टरांना फारसं काही सांगता येत नाही, आकडा आणि ताट शेजारी-शेजारी असलं की लगेच सांगता येतं.

आहार आणि चालणं यांना साधारण दोन आठवडे दिले जातात. बहुतेकींचे आकडे तेवढ्यात जागेवर येतात. ज्यांचे येत नाहीत त्यांना मेटफॉर्मिनची गोळी किंवा इन्शुलिन सुरू होतं, आणि इथे दुसऱ्यांदा धीर सुटतो. इन्शुलिन लागलं म्हणजे पथ्य पाळलं नाही, असं नाही. सकाळचा उपाशीपोटीचा आकडा तर रात्रभरात यकृत किती साखर सोडतं त्यावर ठरतो, ताटातल्या बदलाने तो हलतोच असं नाही. आठव्या महिन्यात डोस वाढतो तोही वार वाढल्यामुळे. इन्शुलिन वारेतून बाळाकडे जात नाही, त्याची सवय लागत नाही, आणि बाळंतपणानंतर वार बाहेर पडली की बहुतेकींचं ते त्याच दिवशी थांबतं. इन्शुलिन घेत असताना घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर तपासा. ७०च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. उलट, नवव्या महिन्यात इन्शुलिनची गरज अचानक खूप कमी झाली तर ‘बरं झालं’ म्हणून बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वार थकत असल्याची ती खूण असू शकते.

आणखी तीन गोष्टींना थांबणं नाही: बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं; जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, चेहरा-हातांवर सूज; अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं. साखर असलेल्या बायकांत रक्तदाब वाढण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून दुसरी गोष्ट विशेष लक्षात ठेवा. रात्र असली तरी निघा.

गोळ्यांचं वेळापत्रकही या सगळ्यात मागे पडतं. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नका, एकमेकींच्या आड येतात. लोहाच्या गोळीच्या आसपास चहा-कॉफी नको, लिंबू किंवा आवळा चालेल. लोहामुळे शौचाला काळं आणि घट्ट होतं, ते अपेक्षितच आहे. पाणी आणि पालेभाजी वाढवा, गोळी बंद करू नका. पूर्ण शाकाहारी असाल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. पुण्याच्या त्याच अभ्यासात बऱ्याच आयांमध्ये ते कमी आढळलं होतं, आणि ज्यांच्या रक्तात फोलेट (फॉलिक ॲसिड) जास्त पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त दिसली.

साखर आहे म्हणजे सिझेरियनच, असं समीकरण नाही. आकडे ताब्यात असतील आणि बाळाचं वजन बेताचं असेल तर नैसर्गिक बाळंतपण होऊ शकतं. कळा आपोआप येण्याची वाट मात्र फार लांबवर बघत नाहीत. ३९-४० आठवड्यांच्या सुमारास डॉक्टर कळा आणण्याचा विचार करतात. आधीच विचारून ठेवलं तर तो निर्णय ऐनवेळी धक्का देत नाही. शक्यतो नवजात बाळाची साखर तपासायची आणि गरज पडल्यास शिरेतून ग्लुकोज द्यायची सोय असलेला दवाखाना निवडा. माहेर लांब असेल, तर बाळंतपणाला कुठे जायचं हे ठरवताना हाही मुद्दा मांडा.

बाळ घरी आलं की आईची वही कपाटात जाते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते, या वेळी उपाशीपोटी, आणि अनेकजणींची ती राहून जाते. बाळ रडत असतं, झोप झालेली नसते, डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर चालू असते, आणि ‘आता सगळं नॉर्मल आहे’ असं सगळ्यांनाच वाटत असतं. पण गरोदरपणात साखर निघालेल्या बायकांना पुढच्या आयुष्यात मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा सात ते दहा पट असतो. ही तपासणी लक्षात ठेवायची सोपी सोय आहे: बाळाच्या सहाव्या आठवड्याच्या लशी आणि आईची साखर एकाच खेपेत. अंगावर पाजत राहिल्याने आईचा धोकाही थोडा कमी होतो. त्यानंतर दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासत राहायची. दुसऱ्या बाळाचा विचार कराल तेव्हा ती आधीच तपासून घ्या आणि फॉलिक ॲसिड सुरू करा, कारण पहिल्या खेपेला निघालेली साखर दुसऱ्या वेळी निघण्याची शक्यता बरीच असते आणि कधी कधी ती सहाव्या महिन्याची वाट पाहत नाही.